नऊशे लिटर ऊन पाणी

मुलुंड (पूर्व), मुंबई
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय ताईस,
प्रबुद्धचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आबांना फोनवर ऐकू येईना म्हणून तू त्यांना पत्रं लिहायला लागलीस. आता त्यांचं पाकीट आलं की माझं कुठंय म्हणून मीही डोकावतो. तेव्हा हे माझं पहिलं. अक्षराला हसू नकोस.

बातमी अशी, की मी टब घेतोय. साधा अंघोळीचा नाही गं, गरम पाण्यात बसायचा. चार माणसं मावतात, आणि बाजूच्या भोकांतून पाण्याचा जोर पाठीवर, गुडघ्यांवर येतो. आबांचे गुडघे तुला ठाऊकच आहेत. पाणीखात्यात तीस वर्षं चावीवाला, रोज वीस-पंचवीस खड्ड्यांत उतरून व्हॉल्व्ह फिरवायचे. गुडघे उरणार कुठून? डॉक्टर म्हणाले, रोज पंधरा मिनिटं ऊन पाण्यात बसवा, ऑपरेशन कदाचित टळेल. आपलं घर तळमजल्यावर, मागची मोकळी जागा आपल्याच नावावर. म्हटलं, करूनच टाकू.

अंधेरीच्या शोरूममध्ये मला बूट काढून कोरड्या टबात आडवं व्हायला लावलं, आणि तुझी भावजय नीला बाजूला उभी राहून पोट धरून हसत होती. फुगवायचा टब स्वस्त मिळतो, पण आपल्याकडच्या कावळ्यांपुढे तो आठवडाभर टिकायचा नाही. लाकडाचा दिसायला झकास, पावसाळ्यात त्याची वाट लागेल. शेवटी पवईच्या एका कुटुंबाचा वापरलेला मिळाला. ते लोक कॅनडाला चाललेत. फायबरचा, नऊशे लिटरचा. खाली सहा इंच कोबा आणि विजेची वेगळी लाइन लागेल. आमचे सेक्रेटरी सुबोधकाका यांनी परवानगी दिली, फक्त एकदा आम्हालाही बसू दे म्हणाले.

आबांना सांगितलेलं नाही. कोबा कपडे धुवायला घालतोय म्हणून थाप मारलीय. तूही लिहू नकोस.

माया आहे तेवढी राहू दे, पातळ करू नकोस.
तुझा,
प्रबुद्ध

•

परतूर, जि. जालना
२२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रबुद्धला ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून हसले आणि तुझ्या दाजींनाही वाचून दाखवलं. नऊशे लिटर म्हटल्यावर ते उठून आमच्या टाकीत डोकावून आले. इथे नळ आज आला तर पुन्हा नवव्या दिवशी येतो. शाळेत मुलांना गणितं घालताना मी हल्ली टाकी आणि नळाची उदाहरणं टाळते. त्यांना ती खोटी वाटतात. हेवा नाही हं. गुडघ्यांसाठी आहे, घे.

पण आबा त्यात बसतील का रे? दात घासताना आपण नळ चालू ठेवला तर न बोलता येऊन बंद करून जायचे, आठवतंय ना? थाप मारून बसवशील, पण बसलेले राहतील का?

आणि एक विचारते, रागवू नकोस. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात आई कुठेच नाही. तिची कंबर कशी आहे? दिवाळीत आले होते तेव्हा सकाळी भिंत धरून उठत होती. टब घ्यायच्या आधी तिला काही विचारलंस का?

नीलाला माझी आठवण सांग. मला विसरू नये, एवढंच मागणं.
तुझी ताई,
दर्शना

•

मुलुंड
१६ डिसेंबर २०२४

प्रिय ताईस, सप्रेम जयभीम.

टब बसला, पण घरात कुणी कुणाशी नीट बोलत नाहीये.

सुरुवातीपासून सांगतो. आठ हमाल टब उभा करून बाजूच्या बोळातून आणत होते, तो दोन बोटांनी अडकला. फाटक काढावं लागलं, भिंतीचं प्लास्टर खरवडलं. मग शनिवारी सकाळी पाइप लावून भरायला घेतला. आबा खुर्ची टाकून शेजारी बसले. किती मावतं म्हणून विचारलं, मी नऊशे सांगितले. पाणी वर येईस्तोवर टबाकडे बघत राहिले आणि भरल्याबरोबर स्वतः उठून त्यांनी नळ बंद केला.

रविवारी पाणी ऊन झालं. आबांना म्हटलं, चला. ते म्हणाले, उद्या बघू. आई मागच्या पायरीवर मेथी निवडत होती. तिनं परात बाजूला ठेवली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि टबाच्या कडेवर बसून पाय आत सोडले. ताई, आई हसली. कशाला हसली कुणास ठाऊक, पण थांबेचना. नीलाला म्हणाली, अगं पाणी गुदगुल्या करतंय.

तेवढ्यात आबा म्हणाले, सुंदरा, ऊठ. आई उठली. पाय पुसले आणि परत मेथी घेऊन बसली.

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, जन्मभर लोकांच्या पाण्याची चावी हातात ठेवलीत, आता माझ्या घरातली तरी सोडा. हे जरा मोठ्यानं बोललो, त्यांना ऐकू यावं म्हणून. ऐकू आलं. माझं घर म्हणालो मी, ताई. ते शब्द आता कुठे ठेवू?

तेव्हापासून टबावर ताडपत्री आहे. आबांना तू लिही. तुझं ते ऐकतात.

रागावलीस तरी पत्र धाडत जा.
प्रबुद्ध

•

मुलुंड
५ जानेवारी २०२५

चि. सौ. दर्शना हिला अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या आईला ऊठ का म्हणालो, हे विचारलेस म्हणून लिहितो. हे मी कुणाला सांगितलेले नाही.

प्रबुद्ध झाला तेव्हा आपण घाटकोपरला टेकडीवर राहत होतो. तू सहा वर्षांची होतीस. ती माझीच हद्द. सकाळी सव्वापाचला व्हॉल्व्ह उघडायचा, पावणेसहाला बंद करायचा. आपली खोली सर्वांत वर, तिथे पाणी शेवटी चढे. बाळंतपणानंतर नवव्या दिवशी शेजारच्या म्हातारीने तुझ्या आईला ऊन पाण्याने शेकून न्हाऊ घालायचे ठरवले. आई मला म्हणाली, आजचा दिवस दहा मिनिटे उशिरा बंद करा.

मी नाही म्हणालो. चावीवाल्याच्या घरी जास्त पाणी, असे कुणी म्हणू नये. त्यातून मी आपल्या समाजातला. बोट दाखवायला लोकांना निमित्तच हवे असायचे. मी घड्याळ बघून मिनिटावर बंद केला. तुझी आई ओली बाळंतीण, तशीच टेकडीखाली दुसऱ्या लाइनच्या नळावर गेली आणि दोन हंडे घेऊन चढली. वळणावर खाली बसली. तिची कंबर तेव्हापासून गेली.

मला लोक प्रामाणिक म्हणायचे. रिटायर झालो तेव्हा शाल दिली.

त्या रविवारी तिला पाण्यात पाय सोडून हसताना पाहिले. एवढ्या वर्षांत तिने ती गोष्ट कधी काढली नाही. मला वाटले, आता काढील. मला ते बघवेना, म्हणून ऊठ म्हणालो. पाण्याची नासाडी म्हणून नव्हे. प्रबुद्धला तसे वाटले, मी वाटू दिले. तसे वाटलेलेच बरे होते.

मुलांना जप. आमच्यावर लोभ ठेवतेसच.
तुझे आबा,
कुंडलिक

•

मुलुंड
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईस, जयभीम.

तुझं पत्र आणि सोबत आबांच्या पत्राची नक्कल मिळाली. तीनदा वाचली. मला जन्म दिल्यावर तिला न्हायचं होतं, त्या पाण्यापायी तिची कंबर गेली, आणि मी पस्तीस वर्षांचा होऊन टब आणला तो आबांसाठी. तू विचारलं होतंस, आईला विचारलंस का. मी त्याचं उत्तरही दिलं नव्हतं.

आबांसमोर जाऊन ताडपत्री काढली. ते समजले. म्हणाले, रविवारी तिला बसव, मी इथे खुर्चीवर बसतो. मी टब घासून पाणी भरलं. गुरुवारी आईला दम लागला. जिना नाही, ओझं नाही, नुसती अंथरुणावरून उठली आणि धाप लागली. दवाखान्यात नेलं तर हृदय फारच कमजोर झालेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्याचा टब अजिबात नाही, रक्तदाब एकदम खाली येईल. आबांनी विचारलं, कोमट? नाही. मग फक्त कंबरेपर्यंत? डॉक्टर नाहीच म्हणाले. आबांना ऐकू आलं नसेल म्हणून मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

डिसेंबरात ती तब्येतीनं बरी होती, ताई. पुरे दोन महिने टब झाकून ठेवला होता.

आता आई घरी आलीय, बरी आहे. टब सांताक्रूझच्या एका फिजिओथेरपीवाल्यांना देऊन टाकतोय. आबांना त्यात बसायचं नाही, आणि मलाही तो दारात नको.

सुट्टी लागली की लगेच ये. वाट बघायला लावू नकोस.
प्रबुद्ध

•

मुलुंड
९ मार्च २०२५

दर्शना माय,
तुझ्या आईचा जयभीम आणि आशीर्वाद. मी सांगते आणि नीला लिहिते. तिला म्हटलं, एक शब्द खाली-वर करायचा नाही.

मी बरी आहे. गोळ्या सकाळी तीन, रात्री दोन. नीला मीठ घालूच देत नाही, वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी. टब परवा टेम्पोत घालून नेला. पोरगं तोंड पाडून उभं होतं. त्याला म्हटलं, तू आणलास, मी पाय तरी बुडवले. पाणी लई झकास होतं गं. हे ऊठ म्हणाले आणि मी उठले, तिथं माझंच चुकलं. तोंडानं नाही म्हणायला काय झालं होतं? पण सवयच तशी लागलेली. आवाज आला की उठायचं.

दवाखान्यातून आल्यावर एका दुपारी हे खुर्ची ओढून जवळ बसले. ते घाटकोपरच्या नळाचं सगळं सांगितलं. माफ कर म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला आधी कळेचना, कशाची माफी.

मी म्हटलं, अहो, नळ वेळेवर बंद केला त्याचा मला राग नव्हता. सगळ्या टेकडीला तेवढंच पाणी, मला जास्तीचं कशाला? मी मागितलं, तुम्ही नाही म्हणालात, तिथंच मिटलं. मला राग होता तो दुसराच. मी हंडे घेऊन वर येत होते तेव्हा तुमची ड्युटी संपली होती. दारात बसून चहा पीत होतात. मी वळणावर बसले, ते तुम्ही वरून बघितलंत. चार पावलं खाली यायचं होतं. एक हंडा घ्यायचा होता. तुम्ही बशीत चहा ओतून घेतलात.

ह्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, सुंदरा, ते मला आठवतच नाही.

खोटं बोलत नव्हते गं. खरंच आठवत नाही त्यांना.

पोरांना घेऊन ये. जीव तुमच्यापाशीच आहे.
तुझी आई,
सुंदराबाई