कानडीच्या वर्गाचं दार

प्रिय वहिनी,

तू जाऊन दीड महिना झाला. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसलेय, कारण सकाळी तुझा फोन वाजला.

हो, तुझा फोन मी अजून चार्ज करते. हसू नकोस! ओसरीतल्या कोनाड्यात, खडूच्या डब्याशेजारी, तू ठेवायचीस तिथंच तो असतो. कुणाचा येणार होता, देव जाणे. पण तो बंद पडलेला मला बघवेना.

उचलला, तर पलीकडून एक बाई कानडीत बोलायला लागली. मधेच हसत होती, थांबायचं नाव नाही. मी फोन कानाला लावून नुसती उभी. शेवटी तीच घाबरून मराठीवर आली. "बाई, बोला की! चुकलं का काय माझं?" तेव्हा आवाज ओळखला. रुक्मिण होती, बन्सी मुकादमाच्या टोळीतली. टोळी दिवाळीनंतर कर्नाटकात ऊस तोडायला गेली ती अजून तिकडंच आहे. तू गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. मीही नाही.

मी सांगितलं. 

वहिनी, तू सोलापूरच्या पलीकडून, कानडी मुलखातून या घरात आलीस तेव्हा मी शाळेत होते. तू तुझ्या आईशी बोलायला लागलीस की मी मैत्रिणींना बोलावून ऐकवायचे. डब्यात खडे घालून वाजवल्यासारखी भाषा, असं म्हणून खिदळायचे. तू हसून सोडून द्यायचीस. पुढं माझा संसार मोडून मी माहेरी परतले, मग दादा गेला, आणि आपण दोघीच उरलो. मी तुला अगं-तुगं करायला लागले. तू मात्र मला शेवटपर्यंत 'वन्सं' आणि 'तुम्ही'च म्हणालीस.

दादाच्या माघारी तू ओसरीत कानडीचा वर्ग काढायचं म्हणालीस तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. गेवराईत कानडी कोण शिकणार? तू म्हणालीस, "टोळ्या सहा-सहा महिने तिकडं राहतात वन्सं. दुकानात, दवाखान्यात मुक्यासारखी उभी राहतात माणसं." मी लगेच फ्लेक्स छापून आणला, 'तीस दिवसांत कन्नड बोला', आणि स्टँडच्या रस्त्याला लावला. महिना गेला, एक माणूस फिरकलं नाही. फ्लेक्सवरच्या फोटोतल्या तुझ्या तोंडावर तेवढी धूळ बसली.

मग तू पायलीभर ज्वारी घेऊन पिठाच्या गिरणीत जाऊन बसलीस. नंबर लागेपर्यंत शेजारच्या बाईला चार शब्द. नीरु म्हणजे पाणी, नोवु म्हणजे दुखणं. दळण होईस्तोवर चार शब्द पाठ! त्यातलीच एक दुसऱ्या दिवशी ओसरीच्या पायरीशी आली. ती रुक्मिण. तिच्यामागं तिचा नवरा आला, मग त्यांची टोळी, आणि शेवटी हात मागं बांधून खुद्द बन्सी मुकादम.

रुक्मिण का आली होती, ते तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आदल्या सालात तोडीवर असताना पोटुशी होती. पोटात दुखायला लागलं म्हणून तिथल्या दवाखान्यात गेली. डॉक्टर काय विचारायचा ते कळायचं नाही, म्हणून प्रत्येक गोष्टीला ती मान हलवून हो म्हणाली. पोर गेलं. हे सांगताना ती रडली नाही. तू मात्र उठून आत गेलीस.

तुझी शिकवायची रीत मला कधी पटली नाही, हे कबूल करते. वर्ग सातचा. कुणी साडेसातला यायचं, कुणी मधेच उठून बैल बांधायला जायचं. तू दार सताड उघडं ठेवायचीस आणि उशिरा येणाऱ्याकडं मुद्दाम बघायचीच नाहीस. चार दिवस बुट्टी मारून आलेल्याला "बरं झालं आलात" म्हणायचीस. आणि मी वही घेऊन दारात! काल का आला नाहीत? परवा कुठं होतात? माणसं माझ्याकडं बघून चपला काढायची का नाही या विचारात पडायची. मोठी माणसं अशी धरून ठेवता येत नाहीत, हे तू मला किती वेळा सांगितलंस! मला वाटायचं, शिस्त नसली की वर्ग टिकत नाही.

म्हणून तर पोळ्याच्या आठवड्यात तुला ताप आला तेव्हा मी परीक्षा घेतली. तोंडी प्रश्न, तुझ्या वहीतली उत्तरं बघून गुण. कागदावर सगळ्यांचे क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहिले आणि खळ लावून दारावर चिकटवले. रुक्मिण पहिली. बन्सी मुकादम शेवटून दुसरा.

काय केलं मी हे! टोळी ज्याच्या शब्दावर उठते नि बसते, त्या माणसाला मी त्याच्याच टोळीतल्या बायकांखाली लिहिलं होतं. तो आला, कागद बघितला, कुणीतरी वाचून दाखवला, आणि पायरीवरूनच वळला. दुसऱ्या दिवशी टोळीतलं एकही माणूस आलं नाही. अकरा माणसं एका रात्रीत गेली. सतरंजीवर चौघं राहिली.

तू तापातच त्याच्या वस्तीवर गेलीस, मी पाठोपाठ. तो उठून उभा राहिला, तुला खाट दिली. "वैनी, तुमच्यावर राग न्हाई. पर आमी काय शाळंतली लेकरं हाव का? उद्या तोडीवर ह्येच मला हसतील. मंग माझं कोन ऐकंल?" रुक्मिण चुलीशी खाली मान घालून बसली होती. तिचा नवरा म्हणाला, "तिचंबी आता बंद." मी माफी मागायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून काय निघावं? "पण गुण तर बरोबरच दिले होते!"

घरी आल्यावर तू म्हणालीस, "वन्सं, तेवढा कागद काढा दारावरचा," एवढंच. का नाही भांडलीस गं माझ्याशी? भांडली असतीस तर बरं झालं असतं.

आज फोनवर कळलं, की तू भांडण सोडून दुसरंच काही करत होतीस. "बाई गिरणीत शिकवायच्या की मला," रुक्मिण म्हणाली. "दळनाचं निमित करून जायचे मी. नवऱ्याला पीठ दिसायचं, बाकी काय न्हाई." आणि मी मूर्ख! दोघींच्या घराला एवढं पीठ लागतं कुठं, म्हणून तुझ्यावर करवादत होते. पिठाला किडे झाले तेव्हा किती बोलले तुला! तू ऐकून घेतलंस. मला सांगितलं असतंस तर मी आडवी आले असते का? आले असते कदाचित. वही घेऊन गिरणीच्या दारात उभी राहिले असते.

ती सांगत होती, यंदा तिला पुन्हा दिवस गेलेत. दुखायला लागलं तशी ती स्वतः दवाखान्यात गेली, कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, सगळं कानडीत बोलली. डॉक्टरनं तिला झोपून राहायला सांगितलंय, धोका अजून टळलेला नाही. "पर बोलले मी ताई. लई बोलले." तेच ती तुला सांगत होती. कानडीत, हसत. तुला ऐकवायचं म्हणून जपून ठेवलेलं सगळं माझ्या कानात पडलं आणि वाया गेलं.

मग तिनं विचारलं, "शेवटाला काय म्हनल्या बाई?"

"कानडीत बोलत होती," मी म्हणाले.

"मंग? काय म्हनल्या?"

वहिनी, मी काय सांगणार होते? अर्धांगाचा झटका आला आणि तुझी मराठी पुसून गेली. बीडच्या दवाखान्यात तू बोलायचीस ती फक्त कानडी, आणि तिथं ती कुणालाच येत नव्हती. तुझा भाऊ निघाला होता, पण पोचेस्तोवर सगळं आटोपलं. त्याला फोन लावून तुझ्या तोंडाशी धरावा, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. त्या दुपारी तू माझं मनगट धरलंस आणि एक लांब वाक्य बोललीस. मला कळलं नाही. तू पुन्हा तेच बोललीस, सावकाश, वर्गात बोलायचीस तसं. आणि माझ्याकडं बघत राहिलीस.

मी मान हलवली. हो हो म्हणाले.

तू हात सोडलास आणि तोंड भिंतीकडं केलंस.

इतकी वर्षं त्या ओसरीत मी वही धरून उभी होते, पण सतरंजीवर एकदाही बसले नाही. "बसा की वन्सं," तू म्हणायचीस. मला काय करायचीय कानडी, मी म्हणायचे.

आज रुक्मिणीला ते वाक्य म्हणून दाखवलं. अर्ध्यावर अडकले. "मदलं काय तरी निसटतंय ताई, असं न्हाई उमगत," ती म्हणाली. रोज मनात घोकते तरी रोज थोडं झिजतंय ते. पहिल्या आठवड्यात सगळं होतं. आता सुरुवात आहे आणि शेवटचे दोन शब्द आहेत, तेही बरोबर असतील असं नाही.

दारावर त्या खळीचा चौकोन अजून आहे. खरवडला, पण निघत नाही.

चैत्रात टोळ्या परत येतील. रुक्मिण म्हणालीय, सगळं नीट पार पडलं तर ती ओसरीत बसून शिकवील. मी बन्सीभाऊंच्या वस्तीवर जाईन आणि या वेळी गुणांचं नाव काढणार नाही. कुणी आलं तर आलं. दार उघडं असेल, आणि मी दारात नसेन. सतरंजीवर बसलेली असेन, सगळ्यांच्या मागं, नीरुपासून सुरुवात करत. तुझं वाक्य मला समजेल तोवर त्यातलं काही शिल्लक राहिलेलं असेल का, ते ठाऊक नाही. तरी बसेन.

तुला न कळता हो म्हणालेली,
तुझी वन्सं
शालन