माझ्याच लग्नाविरुद्ध माझी तक्रार

माकणी

ती. कल्याणप्पामामांना नंदीशचा शरणार्थ.

तुमची तब्येत बरी असेल, मामींचा खोकलाही उतरला असेल. इकडं अण्णा आणि तुमची बहीण, आमची अव्वा, खुशाल आहेत, माझं लग्न ठरलंय. फोन अण्णांनी काढून घेतला म्हणून कागदावर लिहितोय (धरणाच्या भिंतीवर बसलोय आणि वारा लई आहे, तेव्हा अक्षराला हसू नका).

मी कॉलेज सोडलं ते तुमच्या कानावर आलंच असेल. वर्गात बसलेलो असताना सरांनी मला गैरहजर लावलं. मी खिडकीबाहेर बघत होतो हे खरं, पण बाहेर नळावर शेजारच्या वर्गातली शिवांजली बाटली भरत होती. बाटली भरून पाणी सांडायला लागलं तरी ती भलतीकडंच बघत उभी, आणि मी तिच्याकडं. अशा वेळी माणसानं 'येस सर' म्हणायचं तरी कसं? डोकं फिरलं, वही आपटली आणि निघून आलो, तो आलोच. पोरगं रिकामं दिसलं की अण्णांना एकच औषध माहीत. उमरग्याकडची मुलगी बघितली, सुपारी फुटली. (मुलगी चांगली असेल, तिच्याशी माझं भांडण न्हाय.) पण मामा, मला अजून एकवीस पुरी नाहीत. मुलालाही वयाचा कायदा असतो, हे आमच्या घरात कुणाला खरंच वाटत नाही.

शेवटी मीच बालविवाहाची तक्रार केली. फोनवरच्या मॅडमनी मायेनं विचारलं, "बाळ कुठंय आत्ता?" म्हटलं, मीच बोलतोय. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आले. नवरीचं वय विचारलं, तिचं आधार कार्ड बघितलं, बशीभर चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला आणि सगळं बरोबर आहे म्हणून गाडीला किक मारली. मी मागं पळालो, म्हटलं, "साहेब, मूल मी आहे." ते माझ्या मिशीकडं बघत राहिले आणि गेले. मग अण्णा तापले. "सतराव्या वर्षी माझं लग्न झालं. म्या केला का कुणाला फोन?" आतून अव्वा म्हणाली, "तवा फोन असता तर मीच केला असता." त्यानंतर माझा फोन अण्णांच्या खिशात गेला.

आता ऊन उतरतंय. पाणी आधी गुलाबी होतं, मग निळसर, मग त्याला रंगच राहत नाही. त्या पाण्यात मला एक घर दिसतं, ओट्यावर शिवांजली, आणि मी बी.ए. झालेला, शांत डोक्याचा. (शेवटचं नीट दिसत नाही, पाणी हलतं.)

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
नंदीश

ता. क. लग्न सोमवारी आहे. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय आपल्यात अक्षता पडत नाहीत, आणि मामा मला एकच. तेव्हा तुम्ही येऊ नका. अण्णा जीप पाठवतील, तिच्यात बसू नका.

आणखी ता. क. शिवांजलीला यातलं काही माहीत नाही. माझं नावसुद्धा तिला ठाऊक असेल असं वाटत नाही. पण घाई कशाला, मी अजून लहान आहे.