स्टँड खाली होता

ता. ३ फेब्रुवारी

ताईस,
सा. न. वि. वि. विनंती एवढीच की पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस, चहा घेऊन बस.

फोनवर मी हां-हूं करून ठेवतो अशी तुझी तक्रार, म्हणून हे लिहितोय. मी मजेत आहे. पार्सलांच्या गोदामातलं काम अजून सोडलेलं नाही. चौथा महिना चालू आहे, म्हणजे माझा आजवरचा विक्रम. सकाळी मोटरसायकलच्या मागच्या पेटीत पार्सलं भरायची आणि संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर दारं वाजवायची. कालच्या एका दारात कुत्रा होता आणि आजोबा. कुत्रा मला आत सोडेना आणि आजोबा सही केल्याशिवाय बाहेर येईनात, आणि सहीचा कागद तर माझ्या हातात, दाराबाहेर.

अण्णांचं प्लास्टर कधी निघणार? मोडायचा तर मशीनच्या पायडलचाच पाय मोडला. शिलाई बंद म्हणजे घर अगदी सुनं वाटत असेल. बसल्या बसल्या काज-बटणं करायला सांग, नाहीतर दिवसभर तुझ्या डोक्यावर बसतील.

आणि तू ग? जन्मभर मला शिकवलंस, दिवा बंद कर, दार लाव, नळ नीट फिरव. आणि स्वतः मोटरसायकलचा साइड स्टँड वर न करता निघालीस, तेही अण्णांना मागे घेऊन. डाव्या वळणावर स्टँड रस्त्याला टेकला की गाडी उचलली जाणारच. आता रोज निघताना मी इथून हाक मारू का? जपून चालव बाई.

थट्टेचा राग धरू नकोस, धरलास तर पत्रातून पाठव. लोभ आहेच, त्यात थोडी भर घाल.

तुझा,
भिंगरी


ता. १४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. कुत्र्याच्या जागी ते हसले, बऱ्याच दिवसांनी. स्टँडचा भाग मी गाळला.

चेष्टा कळते रे, पण सध्या सोसत नाही. त्या सकाळी अण्णांना डोळे तपासायला न्यायचं होतं आणि वाटेत मला दोन घरांतून रक्ताचे नमुने घ्यायचे होते. गाडी चालू करून उभी होते, अण्णा मागे बसले, तेवढ्यात लॅबमधून फोन आला. फोन ठेवला आणि तशीच निघाले. औषधाच्या दुकानापाशी डावीकडे वळले आणि खालून कुणीतरी पहार घातल्यासारखं झालं. मला नुसतं खरचटलं, अण्णांचा पाय गाडीखाली. दुकानदार म्हणाला, बाई, स्टँड खाली आहे तुमचा. जमलेली माणसं आधी स्टँडकडे बघत होती, मग माझ्याकडे.

अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी समोर गेले की खिडकीबाहेर बघतात.

प्लास्टर निघालं, आता काठी आणि व्यायाम. गाडीला मी हात लावलेला नाही, बसने जाते. नमुने उपाशीपोटी घ्यायचे असतात, नऊच्या आत, आणि बसने निम्मी घरंही होत नाहीत. लॅबच्या बाईंनी बरीचशी घरं दुसरीला दिली. उरलेलीही देऊन टाका म्हणून मी सांगणार आहे. एवढं साधं ज्या बाईच्या लक्षात राहत नाही, तिच्या हातात सुई तरी कशाला द्यावी? समोरचे पेंटर गाडी घ्यायला तयार आहेत. मुलांना शाळेत सोडायला त्यांना हवीच होती. महिनाअखेरीला नेतील.

वेळेवर जेवत जा. माया आटलेली नाही, बोलायचं बळ तेवढं कमी झालंय, समजून घे.

ताई


ता. २२ फेब्रुवारी

ताईस,
सा. न. वि. वि. आज विनंती खरोखरची आहे. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

गाडी विकू नकोस. परवा हेच सांगायला फोन केला होता. तू उचललास आणि मी पार्सलांचं काहीबाही बोलून ठेवून दिला. तोंडातून निघेना. कागदावर निदान मध्येच गप्प बसता येत नाही, कोरा राहिलेला दिसतो.

तुला आठवतं, मी इकडे यायच्या आदल्या दिवशी गाडी रस्त्यात सारखी बंद पडत होती? स्टँडपाशी एक छोटा स्विच असतो. स्टँड खाली असताना गिअर टाकला तर तो इंजिन बंद पाडतो. त्याच्यात चिखल बसला होता, म्हणून स्टँड वर असूनही गाडी बंद पडायची. नवा स्विच आणायला अर्धा दिवस गेला असता आणि मला कुठे धीर आहे? मी त्या दोन वायरी तोडून एकमेकींना जोडल्या आणि वर टेप गुंडाळली. पाच मिनिटांत काम झालं. मीटरवरचा स्टँडचा दिवाही त्या दिवसापासून लागत नाही. तू माझी पाठ थोपटलीस. वायरी जोडल्या हे मी तुला सांगितलंच नाही.

तू स्टँड विसरलीस ते खरं. पण माणूस विसरतो म्हणून तर तो स्विच असतो. तो चालू असता तर गिअर टाकल्या टाकल्या गाडी दारातच बंद पडली असती. तू मला चार शिव्या दिल्या असत्या आणि अण्णांचा पाय धड राहिला असता. तू पडल्याचं कळलं तेव्हाच मला त्या वायरी आठवल्या होत्या. आणि वर मी तुला लिहितो, जपून चालव. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

हे मी आपण होऊन लिहिलं असतं की नाही, देव जाणे. इथे आमच्यातल्या बहुतेकांच्या गाड्या तशाच. सत्तर वेळा उतरायचं, कोण इंजिन बंद करत बसतो? माझी धरून अकरा गाड्यांच्या वायरी मीच जोडल्या होत्या, मोठा कारागीर म्हणून मिरवत होतो. सोमवारी नव्या सुपरवायझर बाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. स्टँड खाली, इंजिन चालू, क्लच दाबून गिअर टाका म्हणाल्या. इंजिन बंद पडलं पाहिजे. तीनच गाड्या बंद पडल्या. हे कुणी केलं विचारलं, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या ओरडल्या नाहीत. तूच जोडलंस, तूच सोडव, एवढंच म्हणाल्या. दोन दिवस जमिनीवर पडून एकेक स्विच बसवला. बारावी गाडी तुझी, तिथे माझा हात पोचत नाही.

चाकाखाली लाकूड लावून ती परीक्षा तूही करून बघ. इंजिन बंद पडलं नाही तर ते माझं काम. पेंटरकाकांना तशी देऊ नकोस, मागे त्यांची पोरं बसतील. आणि सुई सोडू नकोस. विसरलीस तू एकदाच, मी मात्र रोज लपवत होतो.

लोभ ठेव असं लिहायची आज हिंमत नाही. जागा सोडली आहे, तू भर.

भिंगरी


ता. ६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अक्षर माझं बघून घाबरू नकोस. ताई लिहिणार नाही म्हणाली. रागावली आहे आणि तो तिचा हक्क आहे.

गाडी विकायची नाही असं पेंटरांना कळवलं. मेकॅनिकने टेप सोडवून वायरी दाखवल्या, नवा स्विच बसवला. तू सांगितलेली परीक्षा ताईने अंगणात केली. इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा गिअर, पुन्हा बंद. सात-आठ वेळा केलं असेल. मी खिडकीतून बघत होतो. शेवटी पेट्रोलच्या टाकीवर डोकं टेकून बसून राहिली.

तुझं पत्र वाचल्यावर मलाही गप्प बसवेना. स्टँड मला दिसला होता. मागे बसताना माझी नजर गेली होती त्याच्यावर. पण त्याच सकाळी ती म्हणाली होती, अण्णा, मागून सूचना देऊ नका, माझं लक्ष उडतं. मनाला लागलं ते. म्हटलं, नाही बोलत, तिचं तिला कळेल. म्हाताऱ्याचा रुसवा, दुसरं काय? दोन महिने लाजेने तिच्याकडे बघता आलं नाही आणि पोरीला वाटत राहिलं की मी तिच्यावर रागावलोय.

परवा ती भांडी पुसत असताना हे सांगून टाकलं. एकच ताट कितीतरी वेळ पुसत राहिली. रात्री वाढलं, पण आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसली.

काल मला व्यायामाला जायचं होतं. रिक्षा ठरवतो म्हटलं, तर तिने हेल्मेट माझ्या हातात दिलं. मी बसलो. तिने इंजिन चालू केलं, पण गिअर टाकेना. मला वाटलं घाबरली. मग लक्षात आलं, ती थांबली होती ती माझ्यासाठी.

"बाळ, स्टँड?" मी म्हटलं.

"वर आहे, अण्णा," ती म्हणाली आणि मग निघाली.

औषधाच्या दुकानापाशी डावीकडे वळताना फार हळू गेली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. वाजवू दे म्हणाली.

सोमवारी ती लॅबमध्ये आपली घरं परत मागायला जाणार आहे. मिळतील की नाही कोण जाणे. तू तिला लिहीत राहा. उत्तराला वेळ लागेल, पण पाकीट ती उघडते, मी बघितलंय.

लोभ मागायची पाळी एरवी लहानांची. या वेळी ती विनंती माझी, तुम्हा दोघांकडे.

अण्णा