वहीतलं अक्षर

सानगडी, १४ डिसेंबर २०२४

प्रिय रक्षाताईस,
सप्रेम जय भीम.

तुझ्या शाळेत सगळं बरं असेल. इकडे धानाची मळणी आटोपली. रुचिताच्या पप्पांना सर्दी आहे, बाकी ठीक. फोन केला तर तू मध्येच "जाऊ दे" म्हणशील आणि मी खरंच जाऊ देईन, म्हणून पत्र.

रुचिताला शेवटी नागपूरच्या दवाखान्यात तपासून आणलं. ती पाचवीत असताना तू म्हणाली होतीस, पोरगी हुशार आहे पण अक्षरं तिला धरता येत नाहीत, दाखवून घे. मी रागाने दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही. चुकले ताई.

तीन खेपा झाल्या. डोळे, कान, मग बुद्धीची चाचणी. ती चांगली आली. मग उतारा वाचायला दिला, शुद्धलेखन घातलं. दहावीतली पोर ओळी गाळत होती, जोडाक्षरं फोडून लिहीत होती. मला वाटलं, आता अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळेल, फेब्रुवारीच्या परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळेल.

डॉक्टरांनी शाळेच्या जुन्या वह्या मागितल्या. तिच्या पप्पांनी पिशवीभर नेल्या होत्या. डॉक्टर चाळत गेले. कुठे एक चूक नाही. म्हणाले, "वहीत इतकं शुद्ध लिहिणारी मुलगी इथेच कशी चुकते? सवलतीसाठी असं पुष्कळ जण करतात." प्रमाणपत्र नाकारलं.

ताई, त्या वह्या मी लिहिल्या आहेत. सहावीपासून. वही अपुरी म्हणून तिला वर्गाबाहेर उभं करायचे, मला बघवत नव्हतं. ती मैत्रिणीची वही आणायची आणि मी रुचितासारखं गोल अक्षर काढून उतरवायची. तिच्या पप्पांना पत्ता नाही. ते पाहुण्यांना वह्या दाखवायचे.

डॉक्टरांसमोर एक वाक्य बोलायचं होतं. ते शेजारी बसलेले. माझी जीभ उचलली नाही. रुचिता माझ्याकडे बघत होती आणि मी वह्या पिशवीत भरत होते.

बसमध्ये ते तिला म्हणाले, "नाटक करून राहिली होती का तू?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून खरं सांगितलं. पुन्हा तपासायला एप्रिलची तारीख मिळाली. तोवर परीक्षा होऊन जाईल आणि ती नापास होईल. माझ्या हाताने मी तिचं वाटोळं केलं.

काल तिला म्हटलं, "तुह्या पप्पाले सारं सांगतो." तर म्हणते, "नोको सांगू मम्मी. त्याइचे बोलणे खायाची मले सवय आहे. तुले नाही."

त्यांना तोंडाने सांगणं माझ्याने होणार नाही.

रविवारी ये. हे पत्र रुचिताच्या पप्पांच्या हातात दे. हे गोल अक्षर माझं नेहमीचं नाही, तुझ्या लक्षात आलंच असेल. त्यांना मात्र ते बघताक्षणी ओळखू येईल.

रुचिताची आई,
हर्षा