सतरंजीची दोन टोकं

बाई, आज शाळेतून आले ती तडक तुम्हाला लिहायला बसले. चहासुद्धा टाकला नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, कधी पत्र लिहावंसं वाटलं नव्हतं. पाचवीत असताना निबंधही तुम्ही मागे लागल्याशिवाय लिहीत नव्हते, तेव्हा तुम्हाला याचं नवल वाटायचं नाही. पण आज जे झालं ते सांगायला दुसरं कुणी सुचेना.

मी आता जुळे सोलापुरातल्या एका शाळेत पाचवीलाच शिकवते. बाकं आहेत, पंखे आहेत, थंड पाण्याचा कूलर आहे. मध्यंतरी आम्हाला मुलांच्या भावनिक आणि सामाजिक विकासाचं प्रशिक्षण दिलं. एका सरांनी पडद्यावर हसरे-रडके चेहरे दाखवले; रोज सकाळी मुलांना त्यातला आपला चेहरा निवडायला सांगा म्हणाले. मी तक्ता लावला. पोरं इमानदारीत हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या उरावर बसतात.

तुमच्याकडे तक्ता नव्हता. पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या त्या शाळेत आम्ही खाली बसायचो, एका लांबलचक सतरंजीवर. कुणाच्या तरी वडिलांनी आपल्या मागावर विणून दिलेली. तुमचा नियम एवढाच, की ज्यांचं भांडण झालं त्यांनी शाळा सुटताना ती झटकायची आणि दोघांनी मिळून घडी घालायची. घडी वाकडी आली की पुन्हा उलगडायची.

मी मोहोळकडच्या खेड्यातून मावशीकडे राहायला आले होते. तुम्ही पुस्तक विचारलंत आणि मी उभी राहून म्हणाले, "न्हाय आणलं, बाई. घरी हाय." शेजारची विणकराची मुलगी फिसकन हसली, आणि मग सगळा वर्ग. त्या दिवसापासून मी वर्गात तोंड उघडणंच बंद केलं. घरी मावशीला म्हणायचे, मला गावाला परत पाठव. एके दिवशी त्या विणकराच्या मुलीनं माझी नक्कल केली आणि मी तिची वेणी ओढली. तुम्ही आलात तेव्हा माझी सगळी कैफियत तयार होती. तुम्ही कुणाची चूक ते विचारलंच नाहीत. "आज सतरंजी तुम्ही दोघी," म्हणालात आणि फळा पुसायला लागलात. मला इतका राग आला होता तुमचा!

वर्ग रिकामा आहे. ती त्या टोकाला, मी या टोकाला. तुम्ही खुर्चीत शेंगा सोलत बसला आहात, आमच्याकडे बघतसुद्धा नाही. घडी वाकडी येते. "पुन्हा," तुम्ही म्हणता. परत वाकडी. शेवटी तिलाच राहवत नाही; घरी चादरींच्या घड्या घालून तिचा हात बसलेला.

"अगं, आधी ताण की! मग इकडं ये."

"ताणलंय की. तुजंच टोक ढिलं हाय."

ती हसत नाही. आपल्या हाताकडे बघते, टोक सावरते. मग मी चालत तिच्यापर्यंत जाते आणि माझी दोन्ही टोकं तिच्या हातात देते. तुम्ही आम्हाला मूठमूठ शेंगा दिल्यात आणि घरी पिटाळलंत. दुसऱ्या दिवशी मी वर्गात उत्तर दिलं, माझ्याच बोलीत. बाई, मी आज शिक्षिका आहे ती त्या संध्याकाळमुळे. हे तुम्हाला तुम्ही असतानाच सांगायला हवं होतं.

माझ्या वर्गात यंदा माळशिरसकडून एक मुलगा आलाय. "मी हितं बसू का?" म्हणाला आणि पोरं खिदळली. एकानं रोज नक्कल करून त्याला पिडलं, तेव्हा काल यानं त्याच्या पाठीत कंपासपेटी घातली. मार खाल्लेल्याची आई सकाळीच हजर. "मॅडम, चूक कोणाची ते सांगा आणि त्या मुलाला दुसऱ्या तुकडीत टाका." मुख्याध्यापकही तयार होते. तो मुलगा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. नुकता कुठे बोलायला लागलेला; आता पुन्हा नवा वर्ग, पुन्हा तेच हसणं.

मी म्हटलं, आजचा दिवस द्या. शाळा सुटताना हॉलमधली सतरंजी काढली आणि दोघांच्या हाती दिली. पहिल्यांदा दोघांनी नुसती फरफटवली. "पुन्हा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच तुमचा वाटला.

"अरे, वर धर ना!"

"धरलंय की. तू वड की जरा."

दुसऱ्यानं ओढलं. लगेच काही मैत्री झाली नाही, पण सतरंजी दोघांनी मिळून हॉलमध्ये नेऊन ठेवली. मी मुख्याध्यापकांना सांगून आले, मुलगा माझ्याच वर्गात राहील, जबाबदारी माझी. त्यांनी मान्य केलं. त्या आईंचा फोन आला, अजून तोच प्रश्न. मी ते विचारलं नाही म्हटल्यावर त्यांनी फोन आपटला. तुम्ही काय सोसलं असेल ते तेव्हा कळलं.

हे पत्र घालायला पत्ता नाही, म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवते. पण चूक कुणाची ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि माझ्या पोटात ते अजून राहिलंय, म्हणून एकदाच सांगते.

आधी तीच हसली होती, बाई.