जबड्याची रेघ

प्रिय दादा,

यंदा पाकीट जाड लागेल, कारण बाबांच्या चित्रासोबत हे पत्रही आहे. दरवर्षी मी चित्र पाठवते आणि तू हूं की चूं करत नाहीस. तुम्हा बापलेकांचं भांडण कशावरून झालं तेसुद्धा आता मला धड आठवत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन सुंभ आहेत!

नेहमीसारखं बाबांना खिडकीशी बसवलं. पाच मिनिटं गप्प बसतील तर शपथ! त्यांचं कपाळ, नाक, ते हट्टी ओठ मी डोळे मिटूनही काढीन. जबड्याची रेघ तर कानापासून हनुवटीपर्यंत एका झटक्यात येते. या वेळी येईना. सवयीने काढली की चेहरा बाबांचा वाटेना, समोर बघून काढली की कानाखाली बाहेर पळे. खोडून खोडून कागद भुसभुशीत झाला. बाबा म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी रेघेचा नाद सोडला आणि दिसेल तिथे दिसेल तेवढी सावली भरत गेले. तर कानाखाली एक फुगवटा उठून आला. उठून हात लावला. टणक गाठ आहे रे, छोट्या लिंबाएवढी.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. भांडी घासताना, शिकवणीत मुलांना चेहरा काढून दाखवताना, ज्याच्या त्याच्या कानाखाली नजर जाते. डॉक्टरांचं नाव काढलं की बाबा म्हणतात, दाढ सुजलीय, आणि पेपर तोंडासमोर धरतात. मी रडले, ओरडले, जेवले नाही. ढिम्म!

फोन केला असता तर तू म्हणाला असतास, चिंगी राईचा पर्वत करते. म्हणून हे चित्र. मागच्या वर्षीचं तू जपून ठेवलंयस, वहिनीने सांगितलंय मला. ते खाली, हे वर, असं खिडकीच्या काचेला धरून बघ. माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

काल चित्र पाकिटात सरकवत होते, तर बाबा मागे येऊन उभे. चित्रं तुला जातात हे त्यांना ठाऊक नाही, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. म्हणाले, त्याला पाठवणार असशील तर तेवढं कानाखालचं खोडून टाक, उगाच धावत येईल. मी मान डोलावली, रबर शोधल्यासारखं केलं आणि नाही खोडलं. दादा, तू धावत येशील याची त्यांना अजून खात्री आहे. ये रे. डॉक्टरांकडे ते फक्त तुझ्याबरोबर जातील.

तुझीच,
चिंगी