चकतीचा लगाम

दि. ३

चि. ठकूस आजीचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. माझी पत्रं आजवर मागच्या खोलीतली शिवणवाली लिहायची. हे खालच्या पेपरवाल्याचं अक्षर, खेकड्यासारखं तिरकं चालणारं. काय करणार, शिवणवालीशी मी बोलणं टाकलंय.

विजेचं बिल भलतंच फुगलं. मीटरमधली चकती बघत बसले, तर भोवऱ्यासारखी गरगर फिरतेय, आणि पलीकडे हिची मोटरवाली शिलाई मशीन घरघरतेय. माझ्याच तारेवरून वीज ओढत असणार, दुसरं काय? जिन्यात चारचौघांदेखत तिला चोर म्हटलं. ती खाली मान घालून गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मीटर काढून तुमच्या वीज कंपनीच्या तपासणीच्या खोलीत पाठवलंय. नात तिथे कामाला असून आजीकडची चोरी पकडली गेली नाही, तर काय उपयोग?

लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.
आजी

दि. १४

ती. आजीस शि. सा. न.

मीटर मीच उघडलं. आजी, चोरी झालेलीच नाही.

ती चकती ॲल्युमिनियमची असते. घरात वीज खर्च होते तशी ती फिरते. तिच्या कडेला एक चुंबक असतो. तो तिला चिकटत नाही, पण त्याच्या फटीतून फिरताना चकतीतच थोडी वीज उमटते आणि तीच तिला मागे ओढते. हा तिचा लगाम. मागे वीज कडाडून अख्ख्या इमारतीचे दिवे गेले, तेव्हाच्या दणक्यात तुझ्या मीटरचा चुंबक दुबळा झाला असावा. लगाम ढिला पडला, चकती सुसाट सुटली. शिवणवालीच्या मोटरीतही चुंबकाचाच जोर, पण तिथे तो फिरवतो, इथे आवरतो. तिची मोटर तिच्याच मीटरवर चालते, तेही मी कचेरीत विचारून घेतलं.

आता तू काय करायचं, ते मी सांगायला नको.

तुझ्या मायेची भुकेली,
ठकू

दि. १९

चि. ठकूस आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना?

तुझं पत्र पेपरवाल्याला जिन्यातच वाचायला लावलं. जिथे थुंकले, तिथेच पुसायला हवं. मग या शिवणवालीच्या दारात गेले. हिने मोटर काढून ठेवलीय. घरघर माझ्या कानावर जायला नको म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी पाय मारत शिवतेय. चुकलं म्हणायचं होतं, तोंडून निघालं, पत्र लिहायचंय. हिने शिवण बाजूला ठेवली, हात पुसले आणि लिहायला बसली.

तर ठकू, मीटरचा लगाम सैल होता, माझ्या जिभेला मुळात नव्हताच. तुझ्या आजीने एका सरळ बाईला चोर म्हटलं. इथे हिचा हात थांबलाय. म्हणतेय, हे नको लिहायला. मी म्हटलं, लिही, आणि मला वाचून दाखव. हिने वाचलं. हिच्याच तोंडून ते ऐकताना मला वर बघवलं नाही.

मोटर परत बसव म्हटलं. बघू, म्हणाली. तेही बरोबरच आहे.

खाली लोभ असावा असं घालायला सांगितलंय. ते तुला नाही, लिहिणारीला आहे. मला मेलीला वाचता येत नाही. हिने ते लिहिलंय का, तेवढं बघून कळव.

लोभ असावा.
आजी